मथुरामावशीची अंडी

मालगुंड, जि. रत्नागिरी
२ जुलै २०२४

ती. अभयमामांस,
दर्शनाचा स. जय भीम वि. वि.

गेल्या रविवारी मी फोनवर अर्धा तास कोंबड्यांबद्दल बोलले आणि शेवटी तुम्ही विचारलंत की तिकडे कोबी काय भावाने मिळतो. तेव्हाच ठरवलं की आता लिहायचं. आम्रपालीताई सांगत होती, कानाचं यंत्र आणून दिलंय, पण ते कपाटातच बसून ऐकतं. तुमचे कान सरकारी उबवणी केंद्रातल्या पंख्यांनी खाल्ले हे खरं, पण डोळे शाबूत आहेत ना? मग हे पत्र नीट वाचा, कारण मी अडचणीत आहे.

आमच्या बचत गटाने जानेवारीत अंडी उबवायचं मशीन घेतलं ते तुम्हाला ठाऊक आहे. ते परसातल्या मांगरात, जुन्या अडगळीच्या खोपीत ठेवलंय आणि सांभाळायची जबाबदारी माझ्यावर. वाडीतल्या बायका गावठी अंडी देतात, मी उबवते, पिल्लं त्या वाढवतात आणि दिवाळीपासून नाताळापर्यंत गणपतीपुळ्याच्या रस्त्यावरच्या घरगुती खानावळींना विकतात. पर्यटकाला समुद्र बघून झाला की गावठी कोंबडीच लागते. फेब्रुवारी ते मे सगळं इतकं छान झालं की मी स्वतःला मोठी तज्ज्ञ समजायला लागले होते.

जूनच्या खेपेने माझी हवा काढली. निम्म्याहून जास्त अंडी फुटलीच नाहीत. जी पिल्लं आली ती एक दिवस उशिरा, चिकट, अंगाला कवचाचे तुकडे डकवलेली. पोटं फुगलेली आणि बेंबी उघडी. त्यातलीही पुष्कळशी आठवडाभरात गेली. दुसरी खेप मशीनमध्ये आहे आणि मी रोज तिच्याकडे परीक्षेच्या निकालासारखी बघते.

अंडी बहुतेक मथुरामावशीकडची आहेत. मथुरामावशी म्हणजे माझ्या सासूबाईंची धाकटी बहीण, वरच्या आळीत राहते, तुम्ही लग्नात तिला वांगी कापायला लावलं होतंत. तिच्याकडे सर्वांत जास्त कोंबड्या. ती आठवड्याची अंडी साठवून एकदम आणून देते. मी दुपारपर्यंत शाळेत पोषण आहाराच्या कामाला असते, तेवढा वेळ मशीनजवळ आई असतात, म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांचा जीव आहे त्या मशीनवर.

तुमच्या जावयाचं, केतनचं म्हणणं, मशीन गटाला परत दे आणि मुंबईला ये, कळव्याला खोली आहेच. तो रागाने नाही म्हणत. पण मला जायचं नाही. पिल्लं नीट आली तर मला काही बोलावंच लागणार नाही. म्हणून काय बिघडलंय ते कळवा.

लोभ आहेच, कान मात्र दुरुस्त करून घ्या.
तुमची
दर्शना


नाशिक
९ जुलै २०२४

चि. दर्शनास,
अभयमामाचा सप्रेम जय भीम आणि पुष्कळ आशीर्वाद.

पत्र मिळालं. मथुराबाई आठवड्याची अंडी साठवतात, या ओळीवर मी चष्मा काढून ठेवला. पुढचं नुसतं सभ्यपणा म्हणून वाचलं. निदान झालं.

अगो, अंडी शिळी आहेत. पावसाळ्यात कोंबड्या कमी घालतात, मग बाई दोन दोन, तीन तीन आठवड्यांची गोळा करत असणार आणि तुला मात्र आठवडा सांगत असणार. त्यातून कोंबडाही म्हातारा झाला असेल. अख्खी नोकरी मी हेच बघितलंय. उबवणी बिघडली की अंडी देणारा म्हणतो मशीन खराब आणि मशीनवाला म्हणतो अंडी खराब. शंभरात नव्वद वेळा मशीनवाला खरा असतो. मी मशीनवालाच होतो, ही गोष्ट वेगळी.

तेव्हा मथुराबाईंना स्पष्ट विचार. भीड ठेवू नकोस. ताजी अंडी घे, कोंबडा बदलायला सांग आणि पुढच्या खेपेला मला पेढे पाठव. पेढ्यांऐवजी सुके बांगडे चालतील. इथे लेकीच्या, आम्रपालीच्या सोसायटीत मासे भाजले की लोक खिडक्या लावतात, म्हणून मी ते दुपारी, सगळे कामावर गेल्यावर भाजतो.

केतनरावांना सांग, मामा जिवंत असेपर्यंत मशीन कुठे जात नाही.

तुझा लोभ कमी होऊ देऊ नकोस, मी आहेच.
अभयमामा


मालगुंड
२४ जुलै २०२४

ती. मामांस,
स. जय भीम वि. वि.

तुमचं निदान मी जसंच्या तसं मथुरामावशीच्या अंगणात नेऊन ठेवलं. परिणाम कळवते.

दुसरी खेपही पहिलीसारखीच निघाली. मी चिडलेली होते, हातात तुमचं पत्र होतं. मावशी पडवीत कोळंबी सोलत बसली होती. मी विचारलं की अंडी खरंच आठवड्याचीच असतात ना, आणि कोंबडा किती वर्षांचा आहे. तिने हातातली कोळंबी खाली ठेवली. म्हणाली की तिच्या घरात कुत्र्यालासुद्धा शिळी भाकरी गरम केल्याशिवाय मिळत नाही. कोंबड्याबद्दल म्हणाली की तो नाशिकच्या तुमच्या मामापेक्षा नक्की तरुण आहे. म्हणजे हे कोणी शिकवलं ते तिने लगेच ओळखलं. मग तिने आमच्याकडे येऊन मांगरातून आपली रिकामी टोपली उचलून नेली आणि त्या दिवसापासून एक अंडं आलेलं नाही.

पुढची गोष्ट जास्त वाईट. पौर्णिमेपासून विहारात वर्षावासाचं ग्रंथवाचन सुरू झालं. आई आणि मावशी या दोघी बहिणी दरवर्षी खांबाजवळ एकमेकींना टेकून बसतात आणि मैत्रीच्या भावनेवरचं वाचन चालू असताना गुपचूप पान खातात. यंदा मावशी दाराशी बसली. आई खांबाजवळ एकट्या. घरी येताना त्या एवढंच म्हणाल्या की त्यांची बहीण भांडखोर आहे, हट्टी आहे, पण खोटारडी नाही.

मी गटातल्या बाकीच्या बायकांकडून मिळतील तेवढी अंडी गोळा करून तिसरी खेप लावली आहे. मामा, तुम्ही पत्र वाचताना चष्मा काढून ठेवत जाऊ नका.

राग नाही, थोडा आहे. तरी लोभ ठेवते.
दर्शना


नाशिक
३१ जुलै २०२४

चि. दर्शनास,
सप्रेम जय भीम. आशीर्वाद द्यायचा अधिकार या पत्रापुरता ठेवत नाही.

तुझं पत्र मी आम्रपालीला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली की वैद्याने रोग्याच्या पोटाला हात न लावता शेजारणीला औषध पाजलं. कोंबड्याच्या वयाची तुलना मात्र मला लागली, कारण ती बरोबर आहे.

नवीन मुलं कामाला यायची तेव्हा मी पहिल्याच दिवशी त्यांना सांगायचो की न फुटलेलं अंडं फेकायचं नाही, ते फोडून बघायचं. आतलं पिल्लू कधी मेलं आणि कसं मेलं ते तिथेच दिसतं. दुसऱ्या कोणाला विचारावं लागत नाही. हे मी तुला सांगितलं नाही, कारण निदान करायची घाई झाली. निवृत्त माणसाला कोणी विचारलं की असं होतं.

तर आता तिसरी खेप निघाली की न फुटलेली सगळी अंडी बाजूला घे. नाकाला फडकं बांध, जुना पाट घे, आणि जाड बाजूने एकेक हळूच सोल. आत नुसता बलक असेल तर ते अंडं फळलंच नव्हतं. असं खूप निघालं तर कोंबड्याचा दोष. रक्ताचं कडं दिसलं तर पिल्लू पहिल्या काही दिवसांत गेलं. अंडी शिळी असली किंवा आणताना खूप हिंदकळली तर तसं होतं. आणि पूर्ण वाढलेलं पिल्लू निघालं तर मग अंडी देणारीला काही बोलायचं नाही. दोष आपल्या मशीनमध्ये किंवा आपल्यात.

विहीणबाईंना या कामाला बसवू नकोस. हे बघवत नाही. मला पहिल्या वर्षी बघवलं नव्हतं, आणि मी तेव्हा मिशी ठेवून होतो.

लोभ राहील अशी आशा करायला हरकत नसावी.
अभयमामा


मालगुंड
१३ ऑगस्ट २०२४

ती. मामांस,
स. जय भीम वि. वि.

अंडी फोडली. जांभ्याच्या गडग्याआड, वाऱ्याच्या बाजूला पाठ करून बसले. आईंनी विचारलं काय करतेस, मी सांगितलं, आणि त्या तडक विहारात निघून गेल्या, वाचनाला दोन तास अवकाश असताना.

नुसता बलक फार थोड्यांत होता. रक्ताचं कडं त्याहून कमी. बाकी सगळ्यांत पिल्लं होती, मामा. पूर्ण. पिसं, नखं, चोचीवरचा तो पांढरा दाणा, सगळं. पण अंडं सोललं की आधी पाणीच गळायचं. जाड बाजूला हवेची जी रिकामी जागा असते ती अगदी एवढीशी, आणि पिल्लू ओलं, कवचात दाबून बसवल्यासारखं. काहींनी आतून टोच मारली होती. बाहेरून तडा दिसत होता आणि तिथेच ती थांबली होती. एकाची चोच त्या भोकातून बाहेर आलेली होती. मी त्या दिवशी जेवले नाही. हे तुम्हाला म्हणून लिहिते, इथे कोणाला सांगितलं नाही.

जी बाहेर आली ती पुन्हा तशीच, पोट पाणी भरलेल्या पिशवीसारखं मऊ आणि बेंबीवर काळी खपली.

सगळं धुऊन हात पुसताना लक्षात आलं. या खेपेत मथुरामावशीचं एकही अंडं नव्हतं. पाच घरांची अंडी, पाच वेगळे कोंबडे, आणि गत एकच. म्हणजे मावशीचा काही संबंध नव्हता. आता मी तिच्यासमोर कोणत्या तोंडाने जाऊ ते तुम्हीच सांगा, कारण ते तोंड अर्धं तुमचं आहे.

चौथी खेप लावली आहे, लहानच. गटातल्या बायकांनी अजून विश्वास ठेवलाय, पण अंडी देताना त्या माझ्याकडे बघत नाहीत, अंड्यांकडे बघतात.

लोभ असू द्या, मला त्याची गरज आहे.
दर्शना


नाशिक
२० ऑगस्ट २०२४

चि. दर्शनास,
सप्रेम जय भीम व आशीर्वाद.

तू जे बघितलंस ते नीट बघितलंस आणि नीट लिहिलंस. जेवली नाहीस हेही बरोबर. ज्याला त्या दिवशी भूक लागते त्याला मी मशीनजवळ ठेवत नसे.

आता ऐक. या वेळी चष्मा लावून लिहितोय. अंड्यातलं पाणी उबेने थोडं थोडं कवचातून उडून जायला हवं. ते जेवढं जातं तेवढी हवेची जागा वाढते. शेवटच्या तीन दिवसांत पिल्लू त्या जागेत चोच घालून पहिला श्वास घेतं, मग जोर करून कवच फोडतं. पाणी उडालंच नाही तर जागा होत नाही, आणि ते बिचारं बंद घरात राहून बुडतं. जी वाचतात ती पाणी पोटात घेऊनच बाहेर येतात, म्हणून पोट फुगलेलं आणि बेंबी मिटत नाही.

मशीनमध्ये तू पाण्याचा ट्रे भरून ठेवत असशील. पुस्तिकेत तसंच लिहिलेलं असतं. ती पुस्तिका घाटावरच्या माणसाने लिहिलेली असते, त्याला पाऊस म्हणजे अधूनमधून येणारा पाहुणा. तुमच्याकडे तो जूनमध्ये येतो आणि चुलीपाशीच मुक्काम करतो. हवाच ओली, वर तू ट्रे भरतेस. पहिले अठरा दिवस ट्रे कोरडा ठेव. अंड्यांचा ट्रे अधूनमधून वजन करून बघ, हलका होत गेला पाहिजे. शेवटच्या तीन दिवसांत पाणी दे, पण बेताने. आणि वरची हवेची भोकं पूर्ण उघडी आहेत ना ते बघ. काचेवर वाफ धरते का तेही कळव.

मथुराबाईंना सोबतची चिठ्ठी दे. मी त्यांची बिनशर्त माफी मागितली आहे. कोंबड्याचीही मागितली आहे.

लोभाचं पाणी मात्र उडू देऊ नकोस.
अभयमामा


मालगुंड
६ सप्टेंबर २०२४

ती. मामांस,
स. जय भीम वि. वि.

तुमची चिठ्ठी घेऊन मी मावशीकडे गेले आणि माझ्या वाटची माफीही मागितली. तिने चिठ्ठी दोनदा वाचली, बारीक घडी घातली आणि डगमगणाऱ्या पाटाच्या पायाखाली सरकवली. पाट आता हलत नाही. मला चहा दिला. अंड्यांचं नाव काढलं नाही, मीही काढलं नाही.

ट्रे कोरडा केला. वजन कमी झालं, पण फारसं नाही. चौथी खेप आधीच्यांपेक्षा बरी निघाली, पोटं कमी फुगलेली. तरी टोच मारून आतच राहिलेली पुन्हा होतीच. आणि तुम्ही विचारलं होतंत ना, काचेवर वाफ धरते. मी दुपारी घरी आले की रोज धरलेली असते, संध्याकाळपर्यंत जाते. मला वाटायचं बाहेरच्या पावसाने.

मंगळवारी जोराच्या पावसाची सूचना आली म्हणून शाळा लवकर सोडली. मी नेहमीच्या वेळेआधी घरी पोचले, छत्री टेकवून सरळ मांगरात गेले. मशीनने गोधडी पांघरली होती.

खरंच, मामा. मामंजींच्या जुन्या सदऱ्यांची शिवलेली ती जाड गोधडी, चारी बाजूंनी खोचलेली आणि नाड्याने बांधलेली. वरच्या भोकांत फडक्यांचे बोळे. आणि आई शेजारी पाटावर बसून, एक हात मशीनवर ठेवून, वाडीतल्या बातम्या सांगत होत्या. कोणाकडे गणपतीला कोण पाहुणे येणार आहेत त्याचं चाललं होतं. मला बघून त्या अशा दचकल्या की मलाच चोरून आल्यासारखं झालं. मग म्हणाल्या की असल्या वाऱ्यात बाळंतिणीला कोणी उघडं ठेवतं का. मिरग लागल्यापासून त्या रोज मी गेल्यावर गोधडी घालतात आणि मी यायच्या आधी काढून घडी करून ठेवतात, कारण मी पुस्तिका दाखवून कटकट करीन हे त्यांना माहीत होतं.

चहा ठेवते म्हटलं आणि आत आले.

मामा, मामंजी गेल्यावर दोन वर्षं त्या घरात असून नसल्यासारख्या होत्या. फेब्रुवारीत पहिली पिल्लं निघाली तेव्हा एक पिल्लू हातात घेऊन त्या मोठ्याने हसल्या, तो आवाज मी लग्नानंतर पहिल्यांदा ऐकला. आता मी कसं सांगू की हवा तुम्ही कोंडलीत? त्या पुन्हा मांगरात पाऊल टाकणार नाहीत. सध्या मी शाळेतून आठवड्याची रजा घेतली आहे आणि डोकं दुखतंय असं सांगून मांगरातच बसते. त्या मला सुंठ उगाळून देतात, आणि ते मी लावून घेते.

काहीतरी सुचवा. तुमचा लोभ या वेळी शब्दांत हवा.
दर्शना


नाशिक
१३ सप्टेंबर २०२४

आदरणीय विहीणबाई सुंदराबाई यांस,
अभयचा सविनय जय भीम वि. वि.

आपल्याला माझं पत्र बघून नवल वाटेल. इथे सर्व खुशाल. पाऊस बेताचा, मासे महाग, कान तसेच.

आपल्याकडून एक गोष्ट शिकून घ्यायची आहे. मी आयुष्यभर मशीनमध्ये अंडी उबवली, पण कोंबडीखाली अंडी ठेवून उबवायचं काम आपलं. आपण टोपलीत पेंढा घालून खुडूक कोंबडी बसवायचात आणि सगळीच्या सगळी पिल्लं निघायची अशी दर्शनाची आई सांगायची. तर ती कोंबडी दिवसातून एकदा उठून बाहेर जाते ना? पाणी पिते, धुळीत लोळते, तेवढा वेळ अंडी उघडी असतात. मला वाटतं ती मुद्दाम त्यांना हवा लागू देते. कवचाला बारीक बारीक भोकं असतात, आतलं पिल्लू त्यातून श्वास घेतं. शेवटच्या दिवसांत ते मोठं झालेलं असतं, त्याला हवा जास्त लागते.

मशीनला उठून बाहेर जाता येत नाही. म्हणून त्याच्या डोक्यावर भोकं ठेवलेली असतात. ऊब त्याच्या पोटात आहेच, ती गार वाऱ्याने कमी झाली की ते आपोआप वाढवतं. ते उघडंच ठेवायचं असतं. हे मी दर्शनाला जानेवारीतच लिहायला हवं होतं आणि तिने ते घरात सगळ्यांना सांगायला हवं होतं. ते राहून गेलं. त्याआधी मी आपल्या बहिणीवर नसता आळ घेतला. तेव्हा चुकांची रांग लावली तर सर्वांत पुढे मी उभा आहे. माझ्या मागे कोणी असेलच तर अगदी शेवटी, आणि मायेपोटी.

आपला लोभ माझ्यावर पूर्वी होता, तो परत मिळावा.
आपला
अभय


मालगुंड
२२ सप्टेंबर २०२४

अभयभाऊंस,
सुंदराबाईचा जय भीम.

तुमचं पत्र फार गोल गोल फिरतं. सरळ लिहायचं होतंत. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात मी जे वाचायला शिकले ते असलं नव्हतं, तरी समजलं.

मला संशय आधीच आला होता. पोरीने मला गोधडीसकट पकडलं आणि ओरडली नाही. चहा केला आणि त्यात साखर दुप्पट घातली. एरवी ती मला ताटाखाली पाणी सांडलं तरी बोलते. तेव्हाच मनात आलं की काहीतरी मोठं झालंय.

पण तुम्ही म्हणता म्हणून मी मानणार नाही, तुम्ही मथुराच्या बाबतीतही असंच म्हटलं होतंत. मी स्वतः बघितलं. दर्शना नळावर गेली होती. मी मांगरात पाटावर बसले, तीच गोधडी डोक्यावरून घेतली आणि खालून सगळीकडून खोचली. म्हटलं बुद्धवंदना म्हणून होईपर्यंत बसायचं. पहिल्यांदा बरं वाटलं, ऊब होती, ह्यांच्या सदऱ्यांचा वास होता. मग घाम सुटला. मग जीव गुदमरला. वंदना अर्धीसुद्धा झाली नाही, मी गोधडी फेकून दाराशी आले आणि उभी राहिले.

मला बाहेर येता आलं. पुढचं लिहीत नाही.

मग गोधडी काखेत मारली आणि मथुराकडे गेले. वर्षावास लागल्यापासून तिच्या पायरीवर गेले नव्हते. तिला म्हटलं, तुझी अंडी चांगली होती, ती मी मारली. तिला खरं वाटेना. म्हणून तिलाही गोधडीत बसवली. तिने मला आतून जेवढ्या शिव्या दिल्या तेवढ्या आमच्या आईने उभ्या जन्मात दिल्या नसतील. बाहेर आली तेव्हा केस उभे. दोघी हसलो. मग दोघी रडलो, ते दर्शनाला सांगू नका.

मांगरात जायचं मी सोडणार होते. मथुरा म्हणाली की भोकं बुजवायचं ज्याला माहीत आहे त्यानेच आता राखण करावी, दुसऱ्या कोणाला ते सुचणारच नाही. म्हणून जाते. दर्शनाला मी सगळं सांगितलं. तिचं डोकं दुखायचं लगेच थांबलं.

मथुरा अंडी देणार आहे. पण तिच्या पद्धतीने देणार म्हणाली. ती पद्धत काय ते मला सांगत नाही.

माझा लोभ होता तिथेच आहे, तुम्हीच कोंबड्याचं वय काढायला गेलात.
सुंदराबाई


मालगुंड
२० ऑक्टोबर २०२४

ती. मामांस,
स. जय भीम वि. वि.

तुमचं आणि आईंचं काय काय लिहून झालं ते मला दोघांकडूनही पूर्ण कळलेलं नाही, आणि मी विचारत नाही. इकडचं सांगते.

मावशीची पद्धत अशी होती. सप्टेंबरअखेर टोपली आली, ती तिच्या यजमानांच्या, गंगारामकाकांच्या हाती, मावशी स्वतः आली नाही. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने घातलेल्या दिवसाची तारीख आणि खाली सही. पूर्ण सही, मथुरा असं मोठ्या अक्षरात, काना ओढून. एकही सुटलेलं नव्हतं. मी ट्रेमध्ये अंडी मांडली तेव्हा मशीन नसून एखादं सरकारी कार्यालय असल्यासारखं वाटलं. आई म्हणाल्या की सह्या वरच्या बाजूला ठेव, नाहीतर ती येऊन तपासेल.

एकवीस दिवस आईंनी मशीनजवळ जी राखण केली तिला तोड नाही. वरच्या भोकांवर कोळ्याचं जाळंसुद्धा धरू दिलं नाही. कोणी मशीनवर टेकलं तरी त्या हात झटकायच्या. काच दुपारीही स्वच्छ. दर दोन दिवसांनी ट्रेचं वजन, आणि ते कमी झालं की त्या समाधानाने मान हलवायच्या, जसं काही स्वतःचंच घटलंय. बातम्या सांगणं चालू आहे.

वर्षावासाच्या समारोपासाठी केतन आला होता. त्याच्या मनात मला सोबत न्यायचं होतं, बोलला नव्हता, पण मोठी बॅग रिकामी आणली होती. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सकाळी आईंनी सगळ्यांना गप्प केलं आणि काचेला कान लावला. आतून चिवचिव येत होती, कवचांच्या आतून. तेवढ्यात मावशी आली. मशीन बघायला नाही, असं तिने दारातच सांगितलं, आपल्या सह्या नीट उठल्यात का ते बघायला.

मग पहिला तडा गेला तो बरोबर सहीमधून. म फुटला, मग थु. मावशी काचेला नाक लावून वाचत होती. तिचा रा बराच वेळ टिकला आणि मग अर्धं कवच टोपीसारखं उडालं आणि पिल्लू बाहेर पडून दमून आडवं झालं. दुपारपर्यंत सगळ्या ट्रेभर मथुराच्या तुकड्यांवर पिल्लं बसलेली होती. मी एकेक उचलून पोट दाबून बघितलं. घट्ट. बेंबी मिटलेली, सुकी. शंभरातली ऐंशीच्या वर निघाली, मामा. राहिलेली अंडी मी दुसऱ्या दिवशी फोडणार म्हटल्यावर केतन माझ्या शेजारी नाकाला रुमाल बांधून बसला आणि कुठलं कशाने गेलं ते विचारत राहिला. काल जाताना बॅगेत आईंनी नारळ भरून दिले. एसटीत चढताना त्याने पुढची खेप कुठल्या तारखेला निघेल ते विचारलं, रजेचा अर्ज आधी द्यावा लागतो म्हणे.

समारोपाला आई आणि मावशी खांबाजवळ बसल्या होत्या. गटातल्या बायका पिल्लं घेऊन गेल्या. दिवाळीला ती तयार होणार नाहीत, पण नाताळानंतरचे पाहुणे उपाशी राहणार नाहीत.

आज सकाळी मावशी पुन्हा आली, या वेळी स्वतः, डोक्यावर टोपली घेऊन. माझ्याशी पावसाबद्दल बोलली, की यंदा निघायचं नावच घेत नाही. टोपली ओट्यावर ठेवली आणि पदर झटकून निघून गेली. मी वरचं फडकं काढलं. अंडी ताजी, स्वच्छ, आणि कुठल्याही अंड्यावर काहीही लिहिलेलं नव्हतं.

सुके बांगडे वेगळे पाठवले आहेत. दुपारीच भाजा, आणि लोभ असाच राहू द्या.
तुमची
दर्शना